ॲलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य

ॲलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी दिलेला फौजदारी कायद्यातील एक महत्त्वाचा निकाल आहे. मुंबईच्या वांद्रे (पश्चिम) उपनगरातील कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मद्याच्या अमलाखाली चालवलेली मोटार पदपथावर चढून सात जण मृत्युमुखी पडले आणि आठ जण जखमी झाले. त्या घटनेतून हा खटला उभा राहिला. न्या. आर. एम. लोढा आणि न्या. जगदीशसिंग खेहर यांच्या खंडपीठाने आरोपीची अपिले फेटाळली आणि मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी दिलेली तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा कायम केली. शिक्षा कमी करावी, अशी आरोपीची मागणी होती. न्यायालयाला मात्र ती गुन्ह्याच्या मानाने अपुरी वाटली. राज्य शासनाने शिक्षावाढीसाठी अपील केले नव्हते, एवढ्याच कारणाने ती वाढली नाही.

मद्यपान करून वाहन चालवताना झालेला मृत्यू हा केवळ निष्काळजीपणाचा परिणाम मानावा, की परिणामांची जाणीव असताना केलेले कृत्य मानावे, आणि त्याच्या प्रमाणात शिक्षा किती असावी, या दोन प्रश्नांवर हा निकाल वारंवार उद्धृत केला जातो. न्यायालयीन नोंदींत तो (२०१२) २ एससीसी ६४८ या संदर्भाने ओळखला जातो. वृत्तपत्रांतून हे प्रकरण ‘कार्टर रोड अपघात’ या नावाने गाजले.

कायद्याची चौकट

हा खटला भारतीय दंड संहिता, १८६० नुसार चालला. बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याने मृत्यू घडवल्यास त्या संहितेच्या कलम ३०४-अ नुसार जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. हे कलम मूळ संहितेत नव्हते; ते १८७० मध्ये घालण्यात आले. कलम ३०४ मात्र सदोष मनुष्यवधाचे होते. त्याच्या दुसऱ्या भागात, म्हणजे मृत्यू घडवण्याचा हेतू नसला तरी आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे अशी जाणीव असल्यास, दहा वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद होती. किमान शिक्षा या भागात सांगितलेली नव्हती.

दोन्ही कलमांतील अंतर एका शब्दात आहे, तो म्हणजे जाणीव. अपघात करणाऱ्याला कोणाला मारायचे नसते, हे दोन्ही प्रकारांत गृहीतच असते. पण पुढे काय घडू शकते हे त्याला ठाऊक होते असे सिद्ध झाले, तर शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून दहा वर्षांवर जात असे. त्यामुळे अशा खटल्यांत सरकारी पक्ष आणि बचाव पक्ष यांचा सारा संघर्ष बहुधा याच एका शब्दाभोवती होतो.

मद्याच्या बाबतीत संहितेचे कलम ८६ ही वेगळी अडचण निर्माण करत असे. नशा व्यक्तीला तिच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिली गेली नसेल, तर शुद्धीत असताना तिला जी जाणीव असती तीच नशेतही होती असे धरून कायदा तिच्याशी वागतो. याचा अर्थ, प्यायल्यामुळे काही कळलेच नाही, हा युक्तिवाद जाणिवेच्या मुद्द्यावर उपयोगी पडत नाही.

याखेरीज मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास, अपघात झालेला असो वा नसो, वाहन चालवणे हाच गुन्हा ठरतो. घटनेच्या काळी पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्याची शिक्षा होती.

घटना

कार्टर रोडवर त्या सुमारास रस्त्याच्या दुरुस्तीचे व बांधकामाचे काम सुरू होते. कामावरचे मजूर पदपथावरच उभारलेल्या तात्पुरत्या झोपड्यांत राहत आणि रात्री तेथेच झोपत. ११ आणि १२ नोव्हेंबर २००६ च्या मधल्या रात्री, पहाटे पावणेचार ते चारच्या दरम्यान, एक टोयोटा कोरोला मोटार वेगाने आली आणि पदपथावर चढून झोपलेल्या माणसांच्या अंगावरून गेली. मोटारीत चालकासोबत त्याचे मित्रमैत्रिणी होते.

चालकाच्या रक्ताच्या नमुन्यात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला. म्हणजेच १०० मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या पावणेचार पटींच्या जवळपास. पुढे तिन्ही न्यायालयांत मुख्य प्रश्न निराळाच राहिला. या पुराव्याच्या आधारे आरोपीच्या मनातील जाणिवेविषयी काय अनुमान काढता येते, यावर तो केंद्रित झाला.

घटना घडली हे आरोपीने नाकारले नाही. इंजिनातील व यंत्रणेतील बिघाडामुळे मोटारीवरचा ताबा सुटला, असा त्याचा बचाव होता.

सत्र न्यायालयाचा निकाल

आरोपीवर कलम ३०४ भाग दोन आणि जबर दुखापतीसंबंधीचे कलम ३३८ यांखाली दोषारोप ठेवण्यात आले. मुंबईतील शिवडी येथील अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी १३ एप्रिल २००७ रोजी निकाल दिला. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून त्याला मुक्त करण्यात आले. कलम ३०४-अ खाली तो दोषी ठरला आणि सहा महिन्यांची साधी कैद व पाच लाख रुपये दंड अशी शिक्षा झाली. साध्या दुखापतीच्या कलम ३३७ खाली आणखी पंधरा दिवसांची साधी कैद सुनावण्यात आली.

सात मृत्यूंसाठी सहा महिने, हा हिशेब मुंबईत तीव्र टीकेचा विषय झाला. कलम ३०४-अ खालीही न्यायालयाला दोन वर्षांपर्यंत जाता आले असते. त्यातील चौथा हिस्साच दिला गेला होता, तोही साध्या कैदेच्या रूपात. दंडाची रक्कम त्या काळच्या अशा खटल्यांच्या मानाने मोठी होती. पण तिच्यामुळेच शिक्षा पैशात मोजली गेली, असा समज अधिक पसरला.

मुंबई उच्च न्यायालय

सत्र न्यायालयाच्या निकालानंतर मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. राज्य शासनाने अपील केले आणि दोषसिद्धीविरुद्ध आरोपीही उच्च न्यायालयात गेला. सर्व बाबींचा एकत्र विचार करून उच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे मूळ निकालापासून पाच महिन्यांच्या आत, निर्णय दिला. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून झालेली मुक्तता रद्द करण्यात आली. कलम ३०४ भाग दोनखाली तीन वर्षांची सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंड, कलम ३३८ खाली एक वर्षाची सक्तमजुरी आणि कलम ३३७ खाली सहा महिन्यांची सक्तमजुरी, अशा शिक्षा ठरल्या. पुढील अपिलात वाद प्रामुख्याने तीन वर्षांच्या सक्तमजुरीभोवतीच फिरला.

येथे अपिलाच्या कार्यपद्धतीतील एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. केवळ आरोपीने केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवण्याचा अधिकार अपील न्यायालयाला नसतो. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३८६ ने तसा निर्बंध घातला होता. शिक्षा अपुरी आहे म्हणून वाढवायची असेल तर राज्याचे अपील (कलम ३७७) किंवा उच्च न्यायालयाचा पुनरीक्षणाचा अधिकार हे मार्ग असतात, आणि दोन्ही मार्गांत आरोपीला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. त्या संधीत आरोपी शिक्षावाढीला विरोध करू शकतो. इतकेच नव्हे, तर मूळ दोषसिद्धीलाही आव्हान देऊ शकतो. कार्टर रोड प्रकरणात आरोपीचे अपील एकटे नव्हते, म्हणूनच उच्च न्यायालयात शिक्षा सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर जाऊ शकली.

सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवाद

सर्वोच्च न्यायालयात आरोपीच्या वतीने मांडलेले मुद्दे दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार दोषसिद्धीच्या वैधतेचा. एकाच कृत्यासाठी सदोष मनुष्यवधाचा (कलम ३०४ भाग दोन) आणि बेदरकारपणे जबर दुखापत केल्याचा (कलम ३३८) असे दोन दोषारोप ठेवणे परस्परविरोधी आहे, असे सांगण्यात आले. एकीकडे जाणीव आणि दुसरीकडे निव्वळ बेदरकारपणा, या दोन मनोवस्था एका वेळी असू शकत नाहीत, हा त्यामागचा तर्क होता. दोषारोपात मद्यपानाचा उल्लेखच नाही आणि आरोपीचा जबाब नोंदवताना (कलम ३१३) मद्यविषयक पुरावा त्याच्यापुढे नीट ठेवला गेला नाही, अशीही हरकत होती. वरवर पाहता या तांत्रिक बाबी वाटतात; पण ज्या गोष्टीचे स्पष्टीकरण मागितले गेले नाही ती गोष्ट शिक्षेचा आधार करू नये, हे तत्त्व फौजदारी कायद्यात हलके मानले जात नाही.

खंडपीठाने हे मुद्दे स्वीकारले नाहीत. दोन्ही दोषारोप एकमेकांना छेद देत नाहीत, कारण एखादे कृत्य बेदरकारही असू शकते आणि परिणामांच्या जाणिवेने केलेलेही असू शकते. मरण पावलेल्यांच्या बाबतीत एक आणि जखमींच्या बाबतीत दुसरे कलम लावण्यास कायद्याची आडकाठी नाही. दोषारोपातील त्रुटीमुळे आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाले, न्यायाची हानी झाली, असे दिसल्यासच दोषसिद्धी बाधित होते. येथे आरोपीला आपल्यावरचा आरोप काय आहे हे पुरेपूर माहीत होते आणि त्याने त्यानुसार बचावही केला होता, असे न्यायालयाने धरले.

जाणिवेच्या मुद्द्यावर खंडपीठाचे प्रतिपादन या निकालाचा सर्वाधिक उद्धृत होणारा भाग ठरले. आपले कृत्य इतके धोकादायक आहे की त्यातून मृत्यू ओढवू शकतो, हे सामान्य विवेकाच्या माणसाला कळण्यासारखे असेल आणि तरीही ते बेदरकारपणे केले गेले असेल, तर त्या व्यक्तीला परिणामांची जाणीव होती असे मानता येते आणि तिला सदोष मनुष्यवधासाठी जबाबदार धरता येते. यावरून मद्यपी चालकाच्या हातून झालेला प्रत्येक मृत्यू आपोआप कलम ३०४ मध्ये मोडतो असा निष्कर्ष काही वेळा काढला जातो. तो बरोबर नाही. जाणीव ही प्रत्येक खटल्यात परिस्थितीवरून सिद्ध करावी लागते. मद्याचे प्रमाण, वेग, रस्त्याची स्थिती, पदपथावर माणसे असल्याची कल्पना, यांचा एकत्रित विचार करूनच न्यायालय त्या निष्कर्षाला येते.

शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न

युक्तिवादाचा दुसरा प्रकार शिक्षेविषयी होता. दोषसिद्धी टिकली तरी कैद भोगलेल्या काळापुरती मर्यादित करावी, अशी विनंती करण्यात आली. आरोपी तरुण आहे, त्याच्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे, आणि न्यायालयांच्या आदेशांनुसार त्याने एकूण साडेआठ लाख रुपये भरले आहेत, या बाबी त्यासाठी पुढे करण्यात आल्या.

भारतीय न्यायालयांत शिक्षा कमी करण्यासाठीचे अपील बहुतेक वेळा याच स्वरूपाचे असते. तरुण वय, पहिलाच गुन्हा, घरातील अवलंबित माणसे, दीर्घकाळ रेंगाळलेला खटला, पीडितांना दिलेली भरपाई, मधल्या काळातील चांगली वर्तणूक. यांतील प्रत्येक घटक कायद्याला मान्य आहे. प्रश्न असतो तो दुसऱ्या पारड्यात काय आहे याचा. अमेरिकेच्या राज्यघटनेत क्रूर शिक्षांना मनाई करणारी आठवी घटनादुरुस्ती आहे आणि त्या आधारे काही शिक्षा विषम म्हणून रद्द झाल्या आहेत. भारताच्या राज्यघटनेत तसा स्पष्ट शब्द नाही. अनुच्छेद १४ व २१ यांच्या आधारे एखादी शिक्षा घटनाबाह्य ठरू शकते; मिठू विरुद्ध पंजाब राज्य (१९८३) या निकालात जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनासाठी अनिवार्य मृत्युदंड सांगणारे कलम ३०३ याच मार्गाने रद्द झाले. परंतु रोजच्या खटल्यांत प्रमाणाचा विचार घटनेपेक्षा न्यायाधीशांच्या विवेकाधिकारातूनच होतो, आणि भारतात शिक्षा ठरवण्यासाठी वैधानिक मार्गदर्शक तत्त्वे नसल्यामुळे तो विवेकाधिकार फार विस्तृत आहे. कलम ३०४ भाग दोनमध्ये तर निव्वळ दंडापासून दहा वर्षांपर्यंत कोणतीही शिक्षा कायदेशीरच ठरत असे.

खंडपीठाने या ठिकाणी शिक्षेच्या तत्त्वांचा ऊहापोह केला. गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य यांच्याशी सुसंगत, पुरेशी आणि न्याय्य शिक्षा देणे हे फौजदारी कायद्याच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक आहे. त्यासाठी कोणतेही ठरीव सूत्र नाही. गुन्हेगाराची सुधारणा आणि समाजाला बसणारी जरब या दोहोंचा मेळ घालावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रस्ता सुरक्षा अहवालाचा आधार घेत अतिवेग आणि मद्यपान ही रस्ते अपघातांची प्रमुख कारणे असल्याची नोंद न्यायालयाने केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात दर वर्षी रस्ते अपघातांत १,३५,००० हून अधिक माणसे मरतात, हेही नमूद केले.

त्यानंतर प्रत्यक्ष निष्कर्ष आला. सात जीव घेणाऱ्या या गुन्ह्यासाठी तीन वर्षांची शिक्षा फारच तोकडी आहे, असे खंडपीठाने स्पष्ट केले. परंतु राज्याने शिक्षावाढीचे अपील केलेले नसल्यामुळे त्या दिशेने जाण्यास नकार दिला. अपिले फेटाळण्यात आली.

या भागाचे महत्त्व निकालाच्या शेवटच्या आदेशापेक्षा अधिक आहे. शिक्षा विषम आहे, अशी तक्रार घेऊन आलेल्या आरोपीला न्यायालयाने सांगितले की विषमता आहे, पण उलट दिशेने. आणि जी दुरुस्ती न्यायालयाला आवश्यक वाटत होती ती केवळ सरकारी यंत्रणेच्या निष्क्रियतेमुळे होऊ शकली नाही. उच्च न्यायालयापर्यंत अपील करणारे राज्य शासन तीन वर्षांच्या शिक्षेवर समाधान मानून पुढे का गेले नाही, याचा खुलासा निकालात होत नाही.

समकालीन व नंतरचे निकाल

याच निकालानंतर सात महिन्यांच्या आत, ३ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने राज्य विरुद्ध संजीव नंदा या दिल्लीच्या प्रकरणात निर्णय दिला. १० जानेवारी १९९९ च्या पहाटे लोधी रोड भागात एका बीएमडब्ल्यू मोटारीखाली सापडून तीन पोलिसांसह सहा जण मरण पावले होते. तेथे चालकाच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.११५ टक्के होते, म्हणजे जवळजवळ कार्टर रोडच्या प्रकरणाइतकेच. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गुन्हा कलम ३०४-अ मध्ये बसवून ती दोन वर्षांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०४ भाग दोनची दोषसिद्धी पुन्हा प्रस्थापित केली, मात्र कैद भोगलेल्या दोन वर्षांपुरतीच ठेवली. शिवाय अपघातग्रस्तांच्या भरपाईसाठी केंद्र शासनाकडे ५० लाख रुपये भरण्याचा आणि दोन वर्षे समाजसेवा करण्याचा आदेश दिला.

दोन्ही निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले जातात ते यामुळेच. दोषाच्या प्रश्नावर ते एकमत आहेत. शिक्षेच्या प्रश्नावर एक खंडपीठ तीन वर्षांना तोकडी म्हणते आणि दुसरे दोन वर्षे, मोठी रक्कम व समाजसेवा यांवर थांबते. त्या वेळी दंड संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे त्या आदेशाच्या आधाराविषयीही चर्चा झाली.

पैसे भरल्याने कैद कमी व्हावी का, हा प्रश्न पंजाब राज्य विरुद्ध सौरभ बक्षी (२०१५) या निकालात थेट आला. त्यात मद्यपानाचा मुद्दा नव्हता. बेदरकार वाहनचालनाने दोन मृत्यू झाले होते. एक वर्षाची शिक्षा उच्च न्यायालयाने भरपाई दिली गेल्याच्या कारणावरून भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून सहा महिने केली आणि अशी सवलत म्हणजे अस्थानी सहानुभूती असल्याचे मत नोंदवले. याआधी दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०००) या निकालातही मृत्यूस कारणीभूत ठरणाऱ्या चालकांना परिवीक्षेचा लाभ देण्यास न्यायालयाने प्रतिकूल भूमिका घेतली होती.

कार्टर रोडपासून फार दूर नसलेल्या हिल रोडवर २८ सप्टेंबर २००२ रोजी एका मोटारीखाली पदपथावर झोपलेल्यांपैकी एकाचा मृत्यू झाला व चार जण जखमी झाले. त्या प्रकरणात अभिनेता सलमान खान याच्यावर मूळचे आरोप कलम ३०४-अ खाली होते. पुढे कलम ३०४ भाग दोन लागू होऊन खटला सत्र न्यायालयाकडे गेला. मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी त्याची निर्दोष मुक्तता केली. तेथे शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न उरलाच नाही.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्श मोटारीने दोघांचा बळी गेल्यानंतर अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची ‘शिक्षा’ झाल्याचे सर्वत्र म्हटले गेले. ती शिक्षा नव्हती; बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली अट होती. जामिनाच्या अटी आणि शिक्षा यांची अशी सरमिसळ या विषयावरील सार्वजनिक चर्चेत नेहमी आढळते.

अपघाताविना मद्यपी वाहनचालन आणि अपील

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ खालील खटल्यांत कोणाचा जीव गेलेला नसतो आणि बहुसंख्य आरोपी दंडाधिकाऱ्यांपुढे गुन्हा कबूल करून मोकळे होतात. त्यांपैकी एखाद्याला दंडाऐवजी कैद झाली, तर गुन्ह्याची कबुली त्याच्या अपिलाला मर्यादा घालते. कबुलीच्या आधारे दंडाधिकाऱ्यांकडून दोषी ठरलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही. शिक्षेची व्याप्ती किंवा वैधता एवढ्यावरच ती सत्र न्यायालयात दाद मागू शकते. त्यामुळे या छोट्या प्रकरणांत शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अधिक आहे, हाच अनेकदा अपिलाचा एकमेव मुद्दा असतो. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांनी केवळ शंभर रुपयांपर्यंतचा दंड केला असल्यास अपीलच होत नाही. पण कलम १८५ च्या आजच्या दंडाच्या रकमा पाहता ही तरतूद येथे क्वचितच लागू पडते.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपये झाला. कैदेची सहा महिन्यांची मर्यादा तशीच राहिली. त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नवीन संहितांनंतरची स्थिती

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अमलात आल्या. कार्टर रोडच्या निकालात चर्चिलेली कलमे त्यांत नव्या क्रमांकांनी आली आहेत. सदोष मनुष्यवधाची शिक्षा आता कलम १०५ मध्ये आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा कलम १०६ च्या पोटकलम (१) मध्ये असून त्याची कमाल कैद दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून उपचारादरम्यान हयगय झाल्यास मात्र मर्यादा दोन वर्षांचीच आहे. अपघातानंतर पोलीस किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे पोटकलम (२) मालवाहतूक चालकांच्या जानेवारी २०२४ मधील देशव्यापी आंदोलनानंतर अमलात आणलेले नाही. त्या आंदोलनाची मुख्य तक्रारही शिक्षा विषम असल्याचीच होती.

समाजसेवा आता संहितेच्या कलम ४ नुसार अधिकृत शिक्षा झाली आहे. मात्र ती ठरावीक किरकोळ गुन्ह्यांपुरतीच आहे. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणे (कलम ३५५) हा त्यांतील एक. मृत्यूस कारणीभूत ठरणाऱ्या वाहनचालनासाठी ती उपलब्ध नाही.

निष्काळजीपणाच्या गुन्ह्याची कमाल मर्यादा पाच वर्षे झाल्याने जुन्या दोन कलमांमधली दरी अरुंद झाली आहे. परेरा प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा देण्यासाठी २००७ मध्ये आरोपीची जाणीव सिद्ध होणे अनिवार्य होते. आजच्या कायद्यात तेवढी शिक्षा जाणिवेच्या पुराव्याशिवाय, कलम १०६ (१) खालीही देता येते. तरीही पोलीस गंभीर प्रकरणांत कलम १०५ लावतात, कारण त्यात दहा वर्षांपर्यंत जाता येते आणि निष्काळजीपणाचा गुन्हा जामीनपात्र आहे, तर सदोष मनुष्यवधाचा नाही. त्या दोषारोपाच्या समर्थनार्थ सरकारी पक्ष ज्या निकालांचा आधार घेतो त्यांत हा निकाल असतो, आणि शिक्षा कमी करून मागणाऱ्या अपिलांना विरोध करतानाही तोच पुढे केला जातो.